माझा अनुभव : ऑसेजचा लाँगबो आणि बॅगा तोलायचा काटा

मागच्याच्या मागच्या नोव्हेंबरात ऑफिसमधल्या एकाच्या सासऱ्यांनी शेताच्या बांधावरची झाडं तोडायला काढली आणि तो सहज म्हणाला, तुला ते धनुष्यबिनुष्याचं वेड आहे ना, हेजचं लाकूड हवंय का. मी कॅन्ससमध्ये विचिटाजवळ राहतो. इथे ऑसेज नावाच्या झाडाला सगळे हेज, म्हणजे कुंपणच म्हणतात, कारण काटेरी तारेचं ते १८७४ चं पेटंट यायच्या आधी गुरं अडवायला शेतकरी हीच काटेरी झाडं ओळीने लावायचे, आपल्याकडे बांधाला शेर नाहीतर निवडुंग लावतात तसं. झाड मूळचं खाली टेक्सास-ओक्लाहोमाकडचं, रेड नदीच्या आसपासचं. तिकडचे लोक धनुष्य याचंच करायचे म्हणून फ्रेंचांनी नाव ठेवलं ब्वा द'आर्क, म्हणजे धनुष्याचं लाकूड, आणि त्याचं इथल्या तोंडात झालं बोडार्क.

मी अर्थात हो म्हणालो. बायकोने विचारलं गाडी कुठे ठेवायची, ते मी ऐकू न आल्यासारखं केलं.

वेड कुठून लागलं ते सांगतो. २०१७ ला ऑनसाइटला इंग्लंडात होतो तेव्हा पोर्ट्समथला मेरी रोझ बघितलं, आठव्या हेन्रीचं जहाज, १५४५ ला बुडलेलं आणि १९८२ ला वर काढलेलं. त्यात १७२ लाँगबो, म्हणजे इंग्रजांची लांब धनुष्यं, सापडले. काचेमागे ते साधेसुधे दांडके, बहुतेक माणसापेक्षा उंच, मधे धरायला वेगळी मूठ नाही काही नाही, आणि ओढायचा जोर म्हणे शंभर पाउंडांपासून पार १८५ पर्यंत असावा. मी तिथे अर्धा तास उभा होतो, बरोबरचे सगळे कॉफीला गेले.

आता ते सगळे यू नावाच्या झाडाचे. माझ्याकडे ऑसेज. इथल्या क्लबातले एक आजोबा, ज्यांच्याकडे मी शिकायला जायचो, ते म्हणाले ऑसेजचा चपटा, रुंद बो कर, इंग्लिश कशाला. त्यांचं म्हणणं चूक नाही. लाँगबोचं पोट, म्हणजे आपल्याकडची बाजू, गोलाकार असते, कापल्यावर इंग्रजी डी दिसतो, त्यामुळे दाबाचा सगळा भार त्या गोलाच्या कण्यावर येतो आणि हलकं लाकूड तिथे चुरडतं. ऑसेज दाब मस्त सहन करतं, तो प्रश्न नाही, पण ते जड आहे, लांब बोची टोकं जाड राहिली की बाण आळशासारखा जातो. म्हणून टोकं बारीक करायची. एवढं ऐकून घेतल्यावर मी तरीही इंग्लिशच करणार म्हणालो, तर म्हणाले, कर बाबा, लाकूड तुझं.

ओंडका साडेसहा फूट लांब आणि दहाएक इंच जाड. शेतावरच लोखंडी पाचरी आणि आठ पाउंडी घण घेऊन चार फाका केल्या. दोन फाका पिळवटलेल्या निघाल्या, त्या सोडल्या. आतून रंग असा पिवळाधमक की हात हळदीला बसवल्यासारखे झाले. संध्याकाळी आईला व्हिडिओ कॉल केला, फाक दाखवली. आई चिपळूणची. तिने चष्मा लावला, जवळून बघितलं आणि म्हणाली, "फणसाचं ना रे हे?" मी म्हटलं नाही गं, इथलं झाड आहे. नंतर बघतो तर खरंच तुती-फणसाच्याच कुळातलं! फळसुद्धा हिरवं, खडबडीत, मोठ्या संत्र्याएवढं, कापलं की पांढरा चीक. बॉटनीचं पुस्तक न उघडता आईने रंगावरून ओळखलं.

टोकांना लगेच वूड ग्लू फासला नाहीतर चिरा जातात. साल आणि त्याखालचं पांढरट लाकूड पण काढून टाकलं, कारण साल ठेवली की भुंगे आत घुसतात. मग पाठीला शेलॅक, म्हणजे लाखेचं पॉलिश, मारून फाका गॅरेजच्या छताला टांगल्या. वाळलं की नाही कसं कळणार, तर आम्ही भारतात जाताना बॅगा तोलतो तो हुकाचा डिजिटल काटा होता, त्यावर दर रविवारी तोलायचो आणि खडूने भिंतीवर लिहायचो. पुढच्या ऑगस्टपर्यंत वजन कमी कमी होत गेलं, मग तीन रविवार तोच आकडा आला. झालं.

आणि मग रिंग, म्हणजे झाडाचं दर वर्षाचं वलय. माझ्या मते सगळं काम म्हणजे हेच, बाकीचं शिकता येतं. धनुष्याची पाठ, जी निशाणाकडे असते, ती ओढताना ताणली जाते, आणि तिथे झाडाचं एकच वर्ष सलग राहिलं पाहिजे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मधेच रिंग कापली गेली तर तिथूनच चिलपी उचलते आणि बो तुटतो. दोन्ही बाजूला मुठी असलेला सुरा असतो, ड्रॉनाइफ, तो आपल्याकडे ओढत ओढत वरच्या रिंगा काढायच्या. प्रत्येक वर्षाचं लाकूड दोन प्रकारचं, वसंतातलं जाळीदार आणि उन्हाळ्यातलं घट्ट. सुरा जाळीवरून गेला की करकर वाजतो, चकलीवर दात पडल्यासारखा, आणि घट्ट भागाला लागला की आवाज एकदम बंद होतो, गुळगुळीत पिवळं दिसायला लागतं. तिथेच थांबायचं. मी रात्री गॅरेजचा मोठा लाइट बंद करून टेबल लॅम्प आडवा ठेवायचो, तिरक्या उजेडात जाळी खरखरीत दिसते आणि रिंग चमकते. दोन वीकेंड असे गेले, साडेसहा फुटातले सहा फूट झाले म्हणा ना, आणि एका छोट्या गाठीपाशी, जिथे रिंग टेकडीसारखी वर चढते, तिथे सुरा सरळ गेला. टेकडी कापली. बारीकशी टिकली एवढीच, पण गेली. आजोबांना फोटो पाठवला, त्यांचं उत्तर आलं, खालच्या रिंगवर जा. म्हणजे सगळं परत पहिल्यापासून, पूर्ण लांबीवर. त्या दिवशी मी सुरा ठेवला आणि शांतपणे जाऊन मिसळ केली.

दुसऱ्या वेळेला गाठींभोवती आधी पेन्सिलने गोल काढले, तिथे सुरा नाहीच, नुसती कानस आणि स्क्रेपर. तीन आठवडे लागले. पण मिळाली रिंग.

आकार देणं त्यामानाने सोपं. लांबी सहा फूट ठेवली, मधे सव्वा इंच रुंद, जाडी साधारण एक इंच, टोकाकडे निमुळतं. लाकडातल्या तंतूंची रेषा सरळ नव्हती, लाकूड जसं वळलं तसाच बो पण थोडा सापासारखा वळलाय, रेषा तोडायची नाही म्हणून. दोरी मधून जात नव्हती, एका बाजूला सरकायची, ते हीट गनने तापवून क्लॅम्प लावून सरळ केलं.

मग टिलरिंग. म्हणजे बो दोन्ही बाजूंनी सारखा वाकेपर्यंत पोटाकडून लाकूड काढत जायचं. भिंतीला एक ब्रॅकेट, त्यावर बो, खाली कप्पी, दोरी लांबून आपण ओढायची आणि बघायचं कुठे वाकतोय कुठे अडतोय. मधे काटा, तोच बॅगांचा. थोडं खरवडा, तीसेक वेळा ओढा, मग बघा, कारण लाकडाला कळायला वेळ लागतो. आणि जितके पाउंड हवेत त्याच्या वर कधीच ओढायचं नाही. मला ६० हवे होते. खालची बाजू ताठ वाटली म्हणून मी एका रात्री पॉडकास्ट ऐकत ऐकत खरवडत बसलो आणि एकाच जागी जास्त काढलं. सकाळी ओढला तर तिथे कोपर वाकल्यासारखा वाकला. काढलेलं लाकूड परत चिकटवता येत नाही, उपाय एकच, त्या जागेला हात न लावता बाकी सगळं तिच्याइतकं कमकुवत करायचं. आजोबा बघून गेले, बोलले काहीच नाहीत, फक्त पेन्सिलने त्या जागेवर मोठी फुली मारली. ६० चे ५५ झाले, ५५ चे ५०, सगळं सारखं वाकायला लागलं तेव्हा २८ इंच ओढल्यावर काटा म्हणाला ४७.

हेन्रीच्या सैन्यात घेतलं नसतं. असो.

दोरी अडकवायला टोकांना शिंगं बसवली, पाकिटावर मेड इन इंडिया, म्हणजे म्हैस आपली आणि बोडार्क त्यांचं. जवसाचं तेल पाच हात, दोरी डेक्रॉनची, म्हणजे पॉलिस्टरची, आजोबांनी शिकवली तशी वळून. रेंजवर पहिला बाण वीस यार्डांवरच्या टार्गेटच्या वरून गेला, दुसरा लागला, तिसऱ्याचं मला आठवत नाही कारण मी माझ्या बो-कडेच बघत होतो, दोरी काढल्यावर तो फक्त इंचभर वाकलेला राहिला होता, कोपराच्या जागी जरा जास्त. आता उन्हाने पिवळा जाऊन तांबूस व्हायला लागलाय. आईला पाठवलेल्या फोटोवर तिचं एवढंच आलं, "छान. फणसाचाच दिसतोय."

दुसरी फाक अजून छताला आहे. डिसेंबरात भारतात जायचंय म्हणून बायको काटा शोधतेय, त्याचा हूक वाकलाय ते तिला अजून माहीत नाही.