पाटील व्ही. आणि वीस मिलिग्रॅम

मेडिकल कॉलेजच्या ग्रंथालयात माझी सव्वीस वर्षं झाली. पदोन्नतीच्या मुलाखती जवळ आल्या की एरवी न दिसणारे डॉक्टर फाइल घेऊन टेबलाशी उभे राहतात. ‘मॅडम, तेवढा एच-इंडेक्स काढून द्या ना.’ आपल्या पेपरांचा इतरांनी किती वेळा दाखला दिला, म्हणजे सायटेशन किती, त्यावरून निघणारा हा आकडा. पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावायचे. दहाव्या पेपरला निदान दहा सायटेशन आहेत, पण अकराव्याला अकरा नाहीत, तर इंडेक्स दहा. पेपर आणि सायटेशनची नोंद ठेवणारं स्कोपस एक आकडा दाखवतं, गूगल स्कॉलर त्याहून मोठा. फाइलीत कुठला जातो ते सांगायला नको.

आडनावांचा घोळ वेगळाच. ‘पाटील व्ही.’ शोधलं की दाताच्या रूट कॅनालपासून सोयाबीनच्या तांबेऱ्यापर्यंत सगळं एकाच माणसाने लिहिल्यासारखं समोर येतं.

गेल्या वर्षी हे नाव मी घरच्या कामासाठी शोधलं. मावसभावाचा जबड्याचा कॅन्सर ऑपरेशननंतर पुन्हा उलटला होता. डॉक्टरांनी गोळ्या आणि दर तीन आठवड्यांनी निवोलुमॅब या प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या औषधाचं वीस मिलिग्रॅमचं इंजेक्शन सांगितलं. भावाने मोबाइलवर वाचलेलं, की नेहमीचा डोस दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम. हिशोबाचा पक्का माणूस, चाळीस वर्षं किराणा दुकान चालवलंय. ‘सहा आठवड्यांत ७२० तिकडे, ४० इकडे. अठरावा हिस्सा. ताई, परवडत नाही म्हणून पाणी घालून देतायत का?’

मूळ पेपर काढला. ‘जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी’, २०२२. टाटा मेमोरियलचं काम; पहिलं नाव डॉ. विजय पाटील, शेवटचं डॉ. कुमार प्रभाष. डोक्या-मानेच्या कॅन्सरचे १५१ रुग्ण. सगळ्यांना मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब, एर्लोटिनिब या गोळ्या. निम्म्यांना शिवाय वीस मिलिग्रॅम निवोलुमॅब. वर्षभराने हयात असलेल्यांचं प्रमाण नुसत्या गोळ्यांवर १६.३ टक्के, इंजेक्शनसह ४३.४. हे मी त्याला कॅलेंडरच्या पाठीवर लिहून दाखवलं. पूर्ण डोसाशी तुलना या चाचणीत नव्हती, हेही सांगितलं. ते लपवून चाललं नसतं, त्याने विचारलंच असतं.

‘म्हणजे शंभरातले सत्तावन्न नाहीत.’

‘नाहीत.’

मग चहा झाला.

त्या रात्री सवयीने या औषधाचा माग काढत जुन्या पेपरांत मागे मागे जात बसले, आणि क्योटोतल्या तासुकू होंजोंच्या प्रयोगशाळेपाशी पोचले. १९९२, ‘एम्बो जर्नल’, पहिलं नाव इशिदा. पेशी मरताना कुठलं जनुक जागं होतं, ते ही मंडळी शोधत होती. सापडलं त्याला नाव दिलं पीडी-१, यातला ‘पीडी’ म्हणजे पेशीचा ठरलेला मृत्यू. शीर्षकात कॅन्सर कुठेच नाही. तेव्हा हा पेपर हातात आला असता, तर मी तो बिनदिक्कत पेशीमृत्यूच्या खणात ठेवला असता आणि विसरले असते. १९९९ मध्ये पीडी-१ नसलेल्या उंदरांच्या शरीरावर त्यांचीच प्रतिकारशक्ती उलटली, तेव्हा कळलं की हा तर प्रतिकार करणाऱ्या टी-पेशींचा ब्रेक आहे. नाव मात्र तेच राहिलं. २००२ मध्ये उंदरांतल्या गाठींवर तो ब्रेक सैल करून पाहिला. २०१४ मध्ये जपानात हाच ब्रेक सैल करणाऱ्या निवोलुमॅबला मंजुरी, २०१८ मध्ये होंजो आणि अमेरिकेचे जेम्स अॅलिसन यांना नोबेल. अॅलिसननी दुसरा ब्रेक, सीटीएलए-४, हाताळला होता.

आता फाइलीत ‘गेल्या पाच वर्षांतील संशोधन’ असा रकाना असतो. १९९२ च्या पेपरला १९९७ साली त्यात काय लिहिलं असतं, हे मी आमच्या एका वरिष्ठांना विचारलं. ते म्हणाले, मॅडम, आधी माझी यादी द्या. यादीत एकच केस रिपोर्ट दोन मथळ्यांनी होती. मी एक खोडली. अजून बोलत नाहीत माझ्याशी.

भावाच्या इंजेक्शनची कुपी ४० मिलिग्रॅमची. अर्धी वाया जाऊ नये म्हणून त्याची आणि आणखी एका बाईंची तारीख एकच ठेवली होती. दोघं आता एकमेकांना फोन करून रिक्षा ठरवतात. सातवं इंजेक्शन झालं. मी एकदा स्कोपसवर सायटेशन कसं मोजतात ते दाखवलं होतं, तेव्हापासून भाऊ फोन ठेवताना हमखास विचारतो, ‘आपल्या पाटलांचा आकडा कितीवर गेला?’

मी उघडून बघते आणि सांगते.