खाडीवर ऑस्प्रे टिपताना: कॅमेऱ्याआधी पंचांग

ऑस्प्रे हा मासे मारणारा शिकारी पक्षी. तो मासा धरतानाचा फोटो हवा म्हणून भारी लेन्स घेणारे बरेच भेटतात. मी आंजर्ल्याच्या खाडीवर शिकलो ते भरती-ओहोटीचं गणित. हा हिवाळी पाहुणा पाण्यात जेमतेम मीटरभर शिरतो, त्यामुळे उथळ पाणी आणि वर आलेली बोय मासळी त्याच्या सोयीची. म्हणजे सुकती, उतरतं पाणी हवं, तीही सकाळच्या उन्हात.

होडीवाल्या काकांनी हिशेब सांगितला, "तिथीची पाऊणपट कर, भरतीची वेळ निघते." पंचमीला पहाटे पावणेचारच्या आसपास भरती, तिथून दहापर्यंत पाणी उतरत राहतं. थोडं मागेपुढे होतं, पण रजा टाकायला एवढं पुरे. तेव्हापासून मी चौथ ते षष्ठी बघूनच निघतो.

दुसरी गोष्ट वाऱ्याची, आणि माझ्या मते हीच मोठी. ऑस्प्रे सावज हेरताना वाऱ्याकडे तोंड करून पंख मारत जागच्या जागी थांबतो. सकाळी मतलई जमिनीकडून वाहते, सूर्यही तिकडेच. आपण पक्ष्याच्या पूर्वेला, ऊन पाठीवर घेऊन उभं राहिलो की चेहरा, डोळे, पंजे सगळं उजळलेलं मिळतं. समुद्राकडून खारा वारा सुटला की पक्षी तोंड फिरवतो आणि त्याच जागेवरून नुसती पाठ दिसते. मग मी सरळ चहाला जातो.

शटर १/२५०० सेकंदाहून हळू नेत नाही, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ऑटोवर. पक्ष्याचं डोकं-पोट पांढरं आणि मागे काळपट पाणी, म्हणून एक्सपोजर, म्हणजे फोटोतला उजेड, दोन तृतीयांश स्टॉप उतरवतो, नाहीतर फोटोत पिसं जळून नुसती पांढरी दिसतात. ट्रायपॉड घरीच, सूर मारणाऱ्या पक्ष्यामागे तो वेळेत फिरत नाही. पाणी उडालं की फोकस तुषारांवर जाऊन चिकटतो, तेव्हा फोकस ट्रॅकिंगची संवेदनशीलता कमी ठेवलेली बरी, म्हणजे तो पक्षी सोडून लगेच दुसरीकडे जात नाही.

सगळ्यांना सूर हवा असतो. मला त्यानंतरचे क्षण जास्त आवडतात. पाण्यातून उठल्यावर तो हवेतच अंग झटकतो आणि मासा डोकं पुढे येईल असा फिरवून धरतो. त्याचं बाहेरचं बोट मागे वळतं, त्यामुळे दोन बोटं पुढे, दोन मागे, आणि तळव्याला बारीक काटे. निसरडी बोयसुद्धा सुटत नाही. चांगल्या फोटोत ही पकड नीट दिसते.

हात बसवायचा तर संध्याकाळी हर्णै बंदरात लिलावाच्या वेळी जावं. ब्राह्मणी घारी टाकलेली मासळी उचलतात आणि उडता उडताच खातात. होडीतून मासे फेकून घारी बोलावणं मात्र मला पटत नाही. त्या फोटोंत शिकार कुठे असते?

समुद्री गरुडाचं तंत्र निराळं. तो ऑस्प्रेसारखा बुडी मारत नाही, पाण्यालगत येऊन वरच्या वर मासा उचलतो. तो उंच झाडावर घरटं करतो आणि थंडीत तिथे पिल्लं असू शकतात. घरट्याची जागा विचारणाऱ्यांना मी हर्णैचा रस्ता दाखवतो.