ट्रिपिंग निरंक, लेव्हरकुसेन पाच

सबस्टेशनच्या कोणत्याही ऑपरेटरला विचारा, वर्षातली कोणती ड्युटी नको, तर तो १४ एप्रिलची संध्याकाळ म्हणेल. त्यात जयंतीचा काही दोष नाही, आमच्या यवतमाळ जिल्ह्यात तो वर्षातला सगळ्यात मोठा दिवस, पण गल्लोगल्ली लायटिंग, उंच रथ, वरून एप्रिलचं ऊन म्हणून घरोघरी कूलर, अन हे सगळं एकाच गावठाण फिडरवर, म्हणजे गावाला वीज देणाऱ्या एकाच लाईनवर. २०२४ ला तर जयंती रविवारी आली, त्यात इलेक्शनची आचारसंहिता, आमच्या यवतमाळ-वाशिमचं मतदान २६ तारखेला, म्हणजे दहा वाजले की डीजे बंद, कोणाचंच चालणार नाही. माझी शिफ्ट चार ते बारा.

आमच्या गेटबाहेर कडुनिंबाखाली ओटा आहे. टॉवर जवळ असल्यानं तिथं नेट चांगलं चालते म्हणून पोट्टे रोजच बसतात, आत यायचं नाही एवढं मी बजावून ठेवलं आहे. हे फुटबॉलवाले पोट्टे. अन टीम कोणती, तर रियल नाही, बार्सा नाही, जर्मनीची बायर लेव्हरकुसेन. काहून? तर कृषी केंद्रात औषधाच्या डब्यावर जो बायर कंपनीचा गोलातला क्रॉस असते ना, तोच त्या टीमच्या बिल्ल्यावर आहे. १९०४ साली कारखान्यातल्या कामगारांनीच काढलेला क्लब. एकानं ते पाहिलं, म्हणाला ही तं आपली फवारणीवाली टीम, अन सगळे चिकटले ते चिकटलेच. कापसाच्या गावात याहून सरळ कारण मला तरी दिसत नाही.

त्या दिवशी वेर्डर ब्रेमेनसोबत घरच्या ग्राउंडवर मॅच होती, आपल्याकडे रात्री नऊला. जिंकले की लीग पक्की, तेही पाच मॅच बाकी असताना. त्याआधी अकरा वर्षं दरवर्षी बायर्न म्युनिकच जिंकत आलेली, अन लेव्हरकुसेननं तोवर एकदाही लीग जिंकली नव्हती. पाच वेळा दुसरा नंबर. २००० ला शेवटच्या मॅचमध्ये नुसता ड्रॉ पाहिजे होता, तर उंटरहाखिंगसारख्या टीमकडून २-० नं हरले, त्यातला एक गोल बालाकनं आपल्याच जाळीत मारलेला. २००२ ला लीग गेली, जर्मन कप गेला, चॅम्पियन्स लीगची फायनलही गेली. हे झालं तेव्हा यातला एकही पोट्टा जन्मला नसेल, पण सांगतात असं की जसं यांच्याच घरून काही चोरीला गेलं. या सीझनला मात्र एकही मॅच हरले नव्हते, लीग, कप, युरोप सगळं मिळून बेचाळीस. ऑक्टोबर २०२२ मध्ये अलोन्सो कोच म्हणून आला तेव्हा हीच टीम खालून दुसरी होती, हे पण मला ओट्यावरच कळलं.

साडेसातला मिरवणूक निघाली. रथ गल्लीतल्या एलटी लाईनच्या तारांपेक्षा उंच, म्हणून आमचे लाईनमन भाऊ दोन हेल्पर घेऊन पुढं, जी गल्ली येईल तिथल्या डीपीचे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पेटीतले, किटकॅट फ्यूज काढून सप्लाय बंद करायचा, रथ पास झाला की मला फोन, मग पुढची डीपी. रथाचं जनरेटर वेगळं. पोट्टेही निळे गमछे घालून व्हॉलंटियर, दोघं फक्त ओट्यावर मोबाईल घेऊन, बाकीच्यांना फोनवर स्कोर सांगायला. सव्वानऊच्या आसपास गावातून अशी आरोळी उठली की मी बाहेरच आलो, म्हटलं गोल झाला की रथ अडकला. काहीच नाही, वानखेडेवर धोनीनं शेवटच्या ओव्हरला हार्दिक पांड्याला लागोपाठ तीन सिक्स मारले होते. थोड्या वेळानं बोनिफेसनं पेनल्टी मारली, १-०, तेव्हा ओरडणारे हे दोघंच.

दहाला डीजे बंद झाला अन खरं काम सुरू झालं. मिरवणुकीतून लोक एकदम घरी जातात, कूलर, पंखा, टीव्ही सगळं सोबत चालू. शेवटच्या दोन डीप्या अजून बंदच होत्या, अन बंद भागातले कूलर तर चालूवरच ठेवलेले असतात, सप्लाय आला की सगळ्या मोटरी एकाच वेळी उठतात अन पहिल्या झटक्यात नेहमीपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढतात. जास्त करंट दिसला की फिडर आपोआप पाडणारा रिले हे ओव्हरकरंट समजला की अख्खं गाव अंधारात. मी लाईनमन भाऊंना म्हटलं एकेक फेज टाका, मध्ये थांबा. लोक त्यांच्या डोक्यावर उभे, माझा फोन शिव्यांनी गरम, एक जण म्हणे मुद्दाम करून राहिले तुम्ही. मी करंटच्या मीटरच्या काट्याकडं पाहत होतो, बाहेर सगळे पोट्टे गोळा झाले होते अन दुसरा हाफ सुरू झाला होता.

"विर्ट्झले बेंचवर काहून बसवलं होतं बे?"

"गुरुवारी युरोपातली वेस्ट हॅमसोबतची मॅच आहे नं. आता आला ना."

"१-० च आहे अजून. एक बसला की संपलं."

६० व्या मिनिटाला झाकानं लांबून हाणला. आठ मिनिटांत विर्ट्झ. ३-० झाल्यावरही तो चष्मेवाला पोट्टा नखं खाऊन राहिला होता. तोवर शेवटची डीपी आली, काटा चढला, थरथरला, अन खाली येऊन थांबला. मी पाणी प्यायलो. विर्ट्झनं अजून दोन मारले, हाफटाइमनंतर येऊन हॅटट्रिक, वीस वर्षांचं पोरगं. पाचव्या गोलला तिकडचे लोक ग्राउंडमध्येच घुसले, रेफरीनं मॅच तिथंच संपवली. ओट्यावर निळे गमछे हवेत, जय भीम अन लेव्हरकुसेन एकाच दमात.

मग वाद सुरू झाला, जिंकल्यावरच होतो तो. बायर्नवाला एकच आहे आमच्यात, तो म्हणे एकदा जिंकले अन केवढा माज. दुसरा म्हणे पाच-शून्य, लयच आरामात जिंकलो. त्यावर चष्मेवाला उखडला. "आराम कायचा बे? साठाव्या मिनिटापर्यंत १-० च होतं. ब्रेमेननं एक टाकला असता तं २००० सालचंच झालं असतं." लाईनमन भाऊ तेवढ्यात भोजनदानाची पत्रावळ बांधून आले होते, बुंदीसकट. त्यांना विचारलं तर म्हणाले, "मले फुटबॉल समजत नाही, पण पोट्टा बरोबर बोलून राहिला." मीही चष्मेवाल्याच्याच बाजूनं. स्कोर पाहून मॅच कशी झाली ते कळत नाही, हे माझं मत अजूनही आहे, बायर्नवाल्याला पटो न पटो.

बाराला लॉगशीट भरली, ट्रिपिंग निरंक, म्हणजे फिडर एकदाही पडला नाही. सकाळी साहेबांचा फोन, "काल निवांत गेलं ना?" मी हाव म्हटलं, अजून काय सांगणार.

संध्याकाळी पोट्टे परत गेटवर. वेस्ट हॅमची मॅच रात्री साडेबाराला होती अन गुरुवारी माझी नाईट आहे का ते त्यांना पक्कं करून घ्यायचं होतं.