खिळ्याला टांगलेली वही

सातवीच्या वर्गात फळ्याशेजारच्या खिळ्याला एक जाड वही टांगलेली असायची. तिला सुतळी बांधलेली आणि सुतळीच्या टोकाला पेन्सिल. पहिल्या पानावर बाईंनी लिहिलं होतं, ‘जगात काय बदलायला हवं?’ खाली नाव घालायची सक्ती नव्हती. अट एकच होती, मोठ्यांना आवडेल म्हणून काही लिहायचं नाही.

पहिला आठवडा आम्ही नेमकं तेच लिहिलं. झाडे लावा, खरे बोला, मिळूनमिसळून राहा. बाईंनी एकाही वाक्याला ‘छान’ म्हटलं नाही. प्रत्येकाखाली पेन्सिलीनं एक प्रश्न लिहिला. ‘सुट्टीत त्या झाडाला पाणी कोण घालणार?’

मग मी धीर करून लिहिलं, ‘जगात एकही कुलूप नसावं.’ दुसऱ्या दिवशी खाली बाईंचं अक्षर : ‘रात्री घरात एकट्या असणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला मग झोप कशी लागेल?’ तीन दिवस माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. शेजारपाजारचे सगळे ओळखीचे असले तर भीती वाटणार नाही, असं उत्तर लिहिलं. त्याखाली पुन्हा प्रश्न : ‘कालच राहायला आलेल्याचं काय?’ माझं म्हणणं कुणीतरी इतकं मनावर घेतलं, असं त्याआधी कधी घडलं नव्हतं.

पण त्या वहीतलं माझ्या मनात कायमचं राहिलेलं पान वेगळंच आहे. एकदा कुणीतरी लिहिलं, ‘शाळेची घंटा दिसायला हवी.’ आम्ही हसलो. बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, ‘हे तुला कशावरून सुचलं?’ दोन दिवसांनी बारीक अक्षरात उत्तर आलं, ‘मला ती नीट ऐकू येत नाही. सगळे उठले की मी उठते.’ मागच्या बाकावरची ती मुलगी तीन वर्षं आमच्यासोबत शिकत होती आणि आम्हाला कुणालाच पत्ता नव्हता. तिची जागा पुढे आली. तास संपला की दारापाशी बसणारा मुलगा लाल फडकं हलवू लागला. ते काम करायला आमच्यात चढाओढ लागायची.

त्याच आठवड्यात बाईंनी अंधांसाठी ठिपक्यांची लिपी तयार करणाऱ्या लुई ब्रेलची गोष्ट सांगितली. वडिलांच्या कारखान्यातल्या हत्यारानं तिसऱ्या वर्षी डोळ्याला इजा होऊन पुढे दृष्टी गेलेला मुलगा. अंधारात वाचता यावी म्हणून एका लष्करी अधिकाऱ्यानं शोधलेली १२ ठिपक्यांची लिपी त्याला बोटांखाली किचकट वाटली. १८२४ साली, १५ वर्षांचा असताना, त्यानं ती ६ ठिपक्यांवर आणली. तो ज्या शाळेत शिकला आणि पुढे शिकवूही लागला, तिनं ही लिपी अधिकृतपणे स्वीकारली १८५४ साली, त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. ‘मोठी माणसं ऐकायला उशीर करतात,’ एवढंच बाई म्हणाल्या आणि खडू खाली ठेवला.

२० नोव्हेंबर १९८९ रोजी संयुक्त राष्ट्रांनी मंजूर केलेल्या बालहक्कांच्या करारातलं १२वं कलम मी मोठेपणी वाचलं. मुलांशी संबंधित प्रत्येक बाबतीत त्यांना मत मांडण्याचा हक्क आहे आणि वय व समज पाहून त्या मताला वजन द्यायला हवं, असं ते सांगतं. वाचताना डोळ्यांपुढे ते लाल फडकंच होतं.

आता निबंध स्पर्धांचा परीक्षक म्हणून मला बोलावतात. ‘माझ्या स्वप्नातले जग’ या विषयावरचे गठ्ठे वाचताना जीव कासावीस होतो. सगळी जगं हिरवीगार, स्वच्छ आणि एकसारखी. मुलांकडे कल्पना नसतात असं मी मुळीच मानणार नाही. आपल्याला काय हवंय ते त्यांनी फार लवकर ओळखलेलं असतं. आजच्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे, की स्वप्नाऐवजी मुलांना खुपणारी एखादी गोष्ट विचारा. आणि मग बक्षीस देण्याआधी पुढचा प्रश्न विचारा.

आमच्या तुकडीतल्या कुणाकडे ती वही असेल, तर शाळेच्या या महोत्सवात ती आणून द्यावी. माझ्या कुलपांच्या पानावर बाईंचा शेवटचा प्रश्न अजून तसाच आहे. त्याखाली मला लिहायचंय.