तुम्ही विचारलंत म्हणून: सगळ्या सरकारी खात्यांची कार्यालयीन कामं एकत्र केली तर पैसे वाचतात का?

हिशेबाच्या टेबलावरून निवृत्त झाल्यापासून हा प्रश्न मला बिंदू चौकात, रंकाळ्यावर, कुणाच्या लग्नातही गाठतो. "काय ओ अण्णा, प्रत्येक खात्याची पगार शाखा वेगळी, खरेदी वेगळी, कॉम्प्युटरवाला वेगळा. सगळं एकाच ठिकाणी केलं तर सरकारचे किती वाचतील?"

वाचतात. पण प्रस्तावात लिहिलेले असतात तेवढे सहसा नाहीत, आणि कधी कधी उलट पदरचे जातात.

पगारबिलाचंच घ्या. राज्य कर्मचाऱ्यांची बिलं 'सेवार्थ' या ऑनलाइन पगारप्रणालीवर होतात, शिक्षकांची 'शालार्थ'वर. बेरजेच्या चुका गेल्या, कोषागारातून आक्षेप लागून बिल परत येणं कमी झालं. हा फायदा खरा. पण कुणाची बिनपगारी रजा, कुणाची जुलैची वेतनवाढ, कुणाचा जीपीएफचा (भविष्य निर्वाह निधीचा) हप्ता बदलला, सोसायटीची कपात किती, हे सेवापुस्तक उघडून कुणीतरी भरावंच लागतं. ते माणूस ओळखणाऱ्या क्लार्कला दहा मिनिटांचं काम. तेच दूरच्या सामायिक केंद्राकडे, म्हणजे सगळ्या खात्यांचं काम एकत्र करणाऱ्या कार्यालयाकडे, पाठवायचं म्हटलं की अर्ज, जोडपत्र, स्मरणपत्र, फोन. केंद्राच्या खात्यावर बचत दिसते. इथल्या क्लार्कचा त्यात गेलेला वेळ कुठल्याच लेखाशीर्षाखाली पडत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यानं असाच घाट घातला होता. पगार-हिशेबाची सामायिक यंत्रणा उभी केली आणि मार्च 2010 मध्ये आरोग्य खात्याची नवी पगारप्रणाली सुरू झाली. जवळपास 80,000 कर्मचारी. कुणाला पगारच नाही, कुणाला कमी, कुणाला जादा. निस्तरण्यासकट खर्चाचा अंदाज 1.2 अब्ज डॉलरवर गेला, 2013 मध्ये चौकशी आयोग बसला. त्या खात्यात भत्ते आणि करार मिळून पगार ठरण्याच्या सुमारे 24,000 वेगवेगळ्या तऱ्हा होत्या! नियम तसेच ठेवून नुसती यंत्रणा एक केली, तर दुसरं काय होणार? ब्रिटनमध्ये पाच सामायिक केंद्रांना 90 कोटी पौंड लागतील असा अंदाज होता. 2012 मध्ये तिथल्या लेखापरीक्षकांनी हिशेब मांडला तेव्हा 140 कोटी गेले होते. वेस्टर्न ऑस्ट्रेलियानं तर 2011 मध्ये आपलं केंद्र गुंडाळायचाच निर्णय घेतला.

मग एकत्र काही करूच नये का? तसं नाही. सर्व्हर, इंटरनेट, कागद, खुर्च्या सगळ्यांना सारख्याच लागतात, तिथं बेलाशक एकत्र या. प्रत्येक कार्यालयानं स्वतंत्र सर्व्हर ठेवून एसीचं बिल भरण्यात काय शहाणपण? पाणी तपासायची रसायनं किंवा दवाखान्याची सामग्री मात्र ज्याला वापरायची त्याला विचारूनच घ्यावी.

आणि पैसे कोण देणार, हे आधी ठरावं. आपल्याकडं नदीकाठच्या पाणीपुरवठा संस्थेत मोटार सगळ्यांची, पण पट्टी एकरावर आणि पाणी पाळीनं. पाळी चुकली की सभासद दुसऱ्या दिवशी सेक्रेटरीच्या दारात. सरकारी सामायिक केंद्राला असा दारात येणारा सभासद नसतो. काम उशिरा झालं तरी खात्याला दुसरीकडं जाता येत नाही, आणि सेवा फुकट असली की मागणीला धरबंध राहत नाही.

सरकारात बचतीचा खरा पुरावा एकच: आकृतिबंध, म्हणजे कार्यालयाच्या मंजूर पदांचा तक्ता. काम केंद्राकडं गेलं, पण इथली पदं मंजूरच राहिली, तर जुना पगार चालू आणि वर केंद्राचा नवा. माणसांना घरी पाठवा असं मी म्हणत नाही. निवृत्तीनं रिकामी होणारी पदं व्यपगत, म्हणजे रद्द, करता येतात, माणसं दुसऱ्या शाखेत समायोजित करता येतात. पण ते कागदावर यायला हवं.

म्हणून असा प्रस्ताव कुणी दाखवला की मी बचतीचं पान शेवटी बघतो. आधी विचारतो, कुठली पदं कोणत्या तारखेला रद्द होणार, आणि त्याचा शासन निर्णय निघालाय का?