पत्र्याच्या बोर्डाखालचा बोर्ड

मी एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे, आणि भिंतीवरची जुनी घोषवाक्यं गोळा करतो. घरच्यांच्या भाषेत भंगार. आणीबाणीतलं 'बातें कम, काम ज्यादा' माझ्याकडे आहे, कोपरा उंदरांनी खाल्लेला. शिकागोच्या मॅदर कंपनीने १९२३ ते १९२९ दरम्यान कामगारांसाठी छापलेली रंगीत पोस्टर्स मात्र फक्त फोटोत बघायची. त्यांचे लिलावातले भाव माझ्या पगाराला झेपणारे नाहीत. चित्रं देखणी, सूर एकच: उशीर करू नकोस, वेळ घालवू नकोस. बोलणारा कायम मालक.

गेल्या फेब्रुवारीत भोसरीतल्या एका बंद पडलेल्या प्रेस शॉपमध्ये गेलो होतो. शंभर टनी पॉवर प्रेस, म्हणजे पत्रा साच्यात दाबून आकार देणारं यंत्र, विकायची होती, आमच्या मेंटेनन्सवाल्यांना ती हवी होती, आणि माझी सही लागणार होती. प्रेस बघून पाच मिनिटांत नाही म्हटलं. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच प्रेस चालावी, म्हणजे हात बाहेर राहतील, अशी दोन बटणं होती खरी, पण एका बटणाच्या कडेला लाकडी पाचर ठोकून ठोकून खड्डा पडला होता. एक बटण पाचरीने दाबून ठेवायचं, म्हणजे एक हात डायमध्ये, प्रेसच्या साच्यात, माल सरकवायला मोकळा. नगावर पैसे मिळत असले की हे होतंच. फिक्स्ड गार्डचे, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून बसवायच्या आडोशाचे, बोल्ट तर गंजलेलेसुद्धा सापडले नाहीत. मुळात कित्येक वर्षं तिथे बोल्टच नसावेत.

निघताना टाइम ऑफिसच्या मागे पत्र्याचा बोर्ड दिसला. निळ्या जमिनीवर पांढरी अक्षरं: 'काम करा नेमाने, घरी जा सुखाने.' खाली ४ मार्च. राष्ट्रीय सुरक्षा परिषद १९६६ साली त्या तारखेला स्थापन झाली, म्हणून सुरक्षा दिन तेव्हा. वाक्य अगदीच बेचव, पण पेंटरचा हात सुरेख होता. 'सु'चा उकार असा काही फिरवला होता की नुसता बघत राहावा.

गंज किती लागलाय ते बघायला मोबाइलची टॉर्च आडवी धरली, तर निळ्या रंगाखाली दुसरी अक्षरं उठून आली. ऑइलपेंटचा जाड थर वरून रंग मारला तरी लपत नाही. एक शब्द लागला, 'हुकूम'. पुढचं लागेना.

"गार्ड काढायचा हुकूम ज्याचा, बोटाचा हिशोबही त्याचा," मागून आवाज आला. वॉचमन मामा. "माझंच आहे साहेब. पहिला नंबर आला होता."

मी नकळत त्यांच्या हातांकडे पाहिलं. त्यांच्या ते लक्षात आलं. दोन्ही पंजे पसरून म्हणाले, "मोजा. दहाच्या दहा आहेत. गेली ती शेजारच्या प्रेसवाल्याची. दोन."

तेव्हा ते तिथेच प्रेसवर होते. घोषवाक्य स्पर्धेत परीक्षक बाहेरचे होते, त्यांनी बिनधास्त नंबर देऊन टाकला. पेंटरने बोर्डही रंगवला. सुरक्षा दिनाच्या आदल्या संध्याकाळी मोठे साहेब राउंडला आले, बोर्ड वाचला, आणि पेंटरला रात्रभर थांबवून घेतलं. "बक्षीस मात्र दिलं हं. स्टीलचा डबा, तीन पुडांचा. अजून वापरात आहे."

"दुसरं वाक्य कोणाचं?"

"कोणाचं नाही. पेंटरनेच जुळवलं. त्याला घरी जायचं होतं."

मला हसू आलं, आणि लगेच कसंतरीही झालं. आमच्याकडच्या स्पर्धेतली चिठ्ठ्यांची निवड मीच करतो. 'टोन बरोबर नाही' असा शेरा मारून किती बाजूला सारल्या असतील, देव जाणे. तेव्हाच्या कायद्यात, १९४८च्या फॅक्टरी अ‍ॅक्टच्या कलम २१ मध्ये, यंत्राच्या धोकादायक भागाला आडोसा असलाच पाहिजे, असं साफ लिहिलं होतं. मामांनी वेगळं काय लिहिलं होतं? फक्त कोणाला विचारायचं तेवढं सांगितलं होतं.

भंगारवाल्याने बोर्ड काट्यावर टाकला. साडेतीन किलो.

"मामा, वरचा रंग काढून घेऊ का? थिनरने निघेल."

ते थोडा वेळ बोर्डाकडे बघत राहिले. "नको. वरचं पण त्यानेच केलंय, रात्रभर जागून. राहू द्या." मग म्हणाले, "टॉर्च मारून दाखवा कोणाला दाखवायचं तर."

बोर्ड डिकीत मावेना. त्यांनीच सुतळी आणून टपावर बांधून दिला.