बाळंतिणीला असं उभं करतात?

डाइक्स्ट्रा म्हटलं की आपल्या इंजिनिअर मंडळींना जवळचा रस्ता शोधायचा अल्गोरिदम आठवतो. ही डाइक्स्ट्रा वेगळी. रिनेके, जन्म १९५९, इथली, म्हणजे नेदरलँड्सची नावाजलेली फोटोग्राफर; २०१७ चा फोटोग्राफीचा हॅसलब्लाड पुरस्कार तिला मिळाला. तिचं पुस्तक मी लायब्ररीतून आणलं आणि ते नेमकं सासूबाईंच्या हाती लागलं.

१९९४ मधली मालिका. ज्युली, टेक्ला, सास्किया, तिघी उघड्या भिंतीसमोर सरळ उभ्या, छातीशी बाळ. ज्युलीला बाळ होऊन तास झालाय, टेक्लाला दिवस, सास्कियाला आठवडा. अंगावर जवळपास काहीच नाही. टेक्लाच्या पायावरून रक्ताचा ओघळ उतरलाय. "अगं, ओल्या बाळंतिणीला असं उभं करतात? वारं नाही का लागणार!" सासूबाई खरोखर चिडल्या.

मी रिनेकेची बाजू घेतली. १९९० मध्ये सायकलच्या अपघातात तिचं खुब्याचं हाड मोडलं (इथे राहायचं तर हेही आलंच). बरं होण्यासाठी पोहायला जायची. पोहून दमल्यावर तिने स्वतःचाच फोटो काढला. दमलेल्या माणसात पोझ द्यायचं त्राण नसतं, हे तिथे तिला गवसलं. मग पोलंडपासून अमेरिकेपर्यंतच्या समुद्रकिनाऱ्यांवरची अवघडलेली पोरं, झुंजीतून नुकतेच बाहेर आलेले पोर्तुगीज बुलफायटर आणि या बाळंतिणी. ट्रायपॉडवरचा मोठा कॅमेरा, सावकाश काम. फोटोखाली बहुतेक नाव, गाव आणि तारीख, बास.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातली डच मैत्रीण म्हणाली, "तुमच्याकडे बाईला महिनाभर कोंडतात ना?" मग मी सासूबाईंची बाजू घेतली. कोंडत नाहीत हो, सव्वा महिना तिला कुणी काम सांगत नाही! शेक, मालिश, डिंकाचे लाडू. तुमची घरी येणारी नर्स चांगलीच, पण आठवड्याभरात निघून जाते.

सासूबाईंना अल्मेरिसा मात्र आवडली. बोस्नियातून आलेली निर्वासित मुलगी; १९९४ मध्ये लायडनच्या छावणीत खुर्चीवर बसलीय, पाय जमिनीला टेकत नाहीत. रिनेके पुढे वर्षानुवर्षं तिचे फोटो काढत राहिली. पाय टेकले, केस बदलले, बघता बघता पोरगी डच झाली. २००८ च्या फोटोत मांडीवर स्वतःचं बाळ.

आमच्या लेकीचाही दर पाडव्याला फोटो असतो, नऊवारीत. त्यात ती डच होताना दिसत नाही. दिसू नये म्हणूनच तर नेसवते.